महात्मा जोतीराव फुले यांचे अखेरचे पर्व

थोर पुरुषांची चरित्रे सांगताना त्यांच्या उमेदीच्या काळाचे वर्णन विस्ताराने होते आणि आजारपणाचा काळ दोन-चार ओळींत उरकला जातो. महात्मा जोतीराव फुले यांच्या बाबतीतही बहुधा असेच घडत आले आहे. १८४८ सालची मुलींची शाळा, १८६८ साली अस्पृश्यांसाठी खुला केलेला घरचा हौद, १८७३ सालचा सत्यशोधक समाज, या गोष्टी शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात. परंतु जुलै १८८८ मध्ये अर्धांगवायूने उजवी बाजू लुळी पडल्यानंतर नोव्हेंबर १८९० पर्यंत जोतीराव ज्या अवस्थेत जगले आणि त्या अवस्थेत त्यांनी व त्यांच्या चळवळीने जे केले, त्याचा विचार स्वतंत्रपणे क्वचितच केला जातो. भारतातील कामगार चळवळीचा आरंभही याच काळात आणि याच परिवारात झाला. म्हणून शरीराचे अपंगत्व आणि लोकांचे नेतृत्व यांचा परस्परांशी काय संबंध असतो, हे पाहण्यासाठी या पर्वासारखे दुसरे उदाहरण आपल्याकडे शोधूनही सापडणे कठीण आहे.

जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ रोजी झाला. मूळ आडनाव गोऱ्हे आणि मूळ गाव सातारा जिल्ह्यातील कटगुण. पेशवाईत फुलांच्या व्यवसायावरून घराण्यास फुले हे नाव पडले. आई चिमणाबाई जोतीरावांच्या बालपणीच वारल्या. सगुणाबाई क्षीरसागर यांनी त्यांचा मायेने सांभाळ केला. १८४० साली नायगावच्या खंडोजी नेवसे पाटील यांची कन्या सावित्रीबाई यांच्याशी त्यांचा विवाह झाला. मध्येच सुटलेले शिक्षण गफार बेग मुन्शी व लिजीटसाहेब यांच्या आग्रहामुळे १८४१ साली स्कॉटिश मिशनच्या शाळेत पुन्हा सुरू झाले. याच वयात लहुजी वस्ताद साळवे यांच्या आखाड्यात त्यांनी दांडपट्टा, लाठी आणि कुस्तीचे शिक्षण घेतले. कसलेले शरीर, खणखणीत आवाज आणि कष्टाची सवय घेऊन हा तरुण सार्वजनिक जीवनात उतरला. पुढील चाळीस वर्षे त्याने या शरीराकडून अपार काम करून घेतले. अखेरच्या आजाराने काय हिरावून नेले, हे समजण्यासाठी ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली पाहिजे.

१८४८ साली बुधवार पेठेतील भिडे वाड्यात मुलींची शाळा निघाली. त्यापायी १८४९ मध्ये पतिपत्नींना वडिलांचे घर सोडावे लागले. अस्पृश्य मुलांसाठी शाळा निघाल्या. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी विश्रामबाग वाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते जोतीरावांचा सरकारी सत्कार झाला. या कार्याची हकीकत सर्वपरिचित आहे. तुलनेने कमी सांगितली जाते ती गोष्ट अशी की, १८५५ साली जोतीरावांनी शेतकरी व मजुरांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसभर काम करून थकलेल्या माणसालाही अक्षरांचा हक्क आहे, हा विचार त्या काळी नवा होता. पुढे कामगारांच्या संघटनेचा पाया ज्या भूमीवर घातला गेला, ती भूमी अशा शाळांतून तयार होत होती.

उपजीविकेसाठी जोतीराव बांधकामाची कंत्राटे घेत. खडकवासल्याचे धरण, कात्रजचा बोगदा, येरवड्याचा पूल या कामांशी त्यांचा संबंध आला. दगड फोडणारे, माती वाहणारे, चुना मळणारे स्त्रीपुरुष त्यांनी रोज जवळून पाहिले. मजुरांच्या हजेरीत आणि मोजमापात होणारी लबाडी, अधिकाऱ्यांचे दुर्लक्ष आणि मधल्या कारकुनांची कमाई यांचे ज्ञान त्यांना पुस्तकांतून झाले नव्हते. २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यात सत्यशोधक समाज स्थापन झाला, तेव्हा त्याच्या कार्यात धर्मविधींतील मध्यस्थाला दूर करणे हे जसे होते, तसे श्रम करणाऱ्याला त्याच्या श्रमाचे मोल समजावून देणे हेही होते. १८८३ साली पूर्ण झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात शेतकऱ्याच्या दारिद्र्याची कारणमीमांसा आली. या ग्रंथातील भाग जोतीरावांनी बडोद्यास जाऊन सयाजीराव गायकवाडांना वाचून दाखविले होते.

हाच नागवलेला शेतकरी कोकणातून आणि देशावरून मुंबईच्या गिरण्यांत जात होता. मुंबईतील पहिली कापडगिरणी १८५० नंतरच्या दशकात कावसजी दावर यांनी उभारली आणि पुढील तीस वर्षांत गिरण्यांची संख्या झपाट्याने वाढली. विजेचे दिवे नसल्याने काम सूर्याच्या हिशेबाने चाले. पहाटे गिरणीत शिरलेला कामगार अंधार पडल्यावर बाहेर येई. उन्हाळ्यात दिवस मोठा, म्हणून कामही जास्त. आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. धुळीने भरलेल्या खात्यांतून, उघड्या चाकांच्या आणि पट्ट्यांच्या मध्ये माणसे वावरत. ज्याचा हात यंत्रात जाई, त्याचा रोजगारही त्याच दिवशी जाई. गावाकडे परत जाणे किंवा भीक मागणे, एवढेच दोन मार्ग त्याच्यापुढे उरत. १८८१ च्या फॅक्टरी कायद्याने बालकामगारांच्या वयाची व तासांची थोडीफार मर्यादा घातली, पण प्रौढ कामगाराला त्याचा काही उपयोग नव्हता.

या कामगारांना संघटित करण्याचे काम जोतीरावांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी केले. १८४८ साली जन्मलेले लोखंडे काही काळ मांडवी भागातील गिरणीत भांडारपालाच्या जागी होते आणि कामगारांची स्थिती त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. कृष्णराव भालेकर यांनी १ जानेवारी १८७७ रोजी पुण्यात सुरू केलेले ‘दीनबंधु’ पत्र १८८० पासून लोखंडे मुंबईहून चालवू लागले. स्वतः जोतीरावांनीही मुंबईस जाऊन या सहकाऱ्यांबरोबर कामगारांसमोर भाषणे केली. १८८४ साली सरकारने फॅक्टरी कमिशन नेमले, तेव्हा लोखंडे यांनी त्या वर्षीच्या सप्टेंबरात परळच्या सुपारीबागेत कामगारांची सभा भरविली. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार झाला. मुंबईच्या गिरणी कामगारांची संघटना, म्हणजे ‘बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन’, याच प्रसंगातून उभी राहिली.

त्या अर्जातील मागण्या मोजक्या होत्या. दर रविवारी सुट्टी असावी. दुपारी अर्धा तास विश्रांती मिळावी. काम सकाळी साडेसहास सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावे. मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हाती पडावा. यानंतरची मागणी विशेष महत्त्वाची आहे. कामावर असताना गंभीर इजा झालेल्या कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि तो जन्माचा अपंग झाल्यास त्याच्या निर्वाहाची योग्य तरतूद व्हावी, असे त्या अर्जात मागितले होते. दयाळू मालकाने लहर लागली तर काही द्यावे, ही त्या काळची रीत होती. या अर्जाने ती रीत बाजूला ठेवून अपंग झालेल्या कामगाराची जबाबदारी उद्योगावर टाकली. ज्या देशात पांगळ्या माणसाकडे पूर्वजन्मीच्या पापाचा भोग म्हणून पाहिले जाई, त्या देशात हजारो अशिक्षित कामगारांनी अंगठा उठवून हा भोग नसून अपघात आहे आणि त्याची भरपाई झाली पाहिजे, असे सांगितले. सत्यशोधक विचारांची शिकवण इतक्या व्यवहारी रूपात क्वचितच प्रकट झाली असेल.

१८८८ हे वर्ष जोतीरावांच्या आयुष्यात मानाचे आणि दुर्दैवाचेही ठरले. त्या वर्षी २ मार्च रोजी पुण्यात हरी रावजी चिपळूणकर यांनी ड्यूक ऑफ कॅनॉट यांना मेजवानी दिली, तेव्हा जोतीराव शेतकऱ्याच्या वेषात तेथे गेले आणि जरीच्या पोशाखांच्या त्या मेळ्यात त्यांनी रयतेची खरी अवस्था राजपुत्राच्या कानी घातली. ११ मे रोजी मुंबईत मांडवी कोळीवाड्यातील सभागृहात त्यांचा मोठा सत्कार झाला. वयाची साठ आणि लोकसेवेची चाळीस वर्षे पूर्ण झाल्याबद्दल रावबहादूर विठ्ठलराव वंडेकर यांच्या हस्ते त्यांना जनतेच्या वतीने महात्मा ही पदवी अर्पण करण्यात आली. त्यानंतर दोनच महिन्यांनी, जुलैमध्ये, त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. शरीराची उजवी बाजू निकामी झाली. ज्या हाताने चाळीस वर्षे लेखणी चालविली होती, तो हात उचलेना.

त्यांचे स्नेही व सत्यशोधक समाजातील सहकारी डॉ. विश्राम रामजी घोले यांनी मनापासून उपचार केले. प्रकृतीला थोडा उतार पडला, परंतु उजवा हात पूर्ववत झाला नाही. घरची आर्थिक स्थितीही बिकट होती. कंत्राटांत मिळविलेला पैसा शाळा, अनाथ मुले, विधवांच्या बाळंतपणाची सोय आणि १८७७ च्या दुष्काळातील अन्नछत्रे यांत खर्च झाला होता. औषधपाण्याची ओढाताण पाहून मामा परमानंद यांच्यासारख्या स्नेह्याने बडोद्याच्या सयाजीराव महाराजांकडे मदतीसाठी शब्द टाकला. इतरांना आयुष्यभर देत आलेल्या माणसाला आता इतरांकडून घ्यावे लागत होते. सावित्रीबाईंनी घर, शुश्रूषा आणि येणारेजाणारे या सर्वांचा भार उचलला.

अशा स्थितीत कोणीही लेखन थांबविले असते, तर त्याला दोष देता आला नसता. लेखनिक बसवून मजकूर सांगण्याचा मार्गही मोकळा होता. जोतीरावांनी डाव्या हाताने लिहिण्याचा सराव केला आणि त्या हाताने ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ हा आपला अखेरचा ग्रंथ लिहून पुरा केला. साठी उलटलेल्या माणसाने अक्षरे पुन्हा पहिल्यापासून गिरवावीत, ही गोष्ट सोपी नव्हे. ज्यांनी प्रौढ मजुरांना रात्रीच्या शाळेत पाटीवर अक्षरे काढावयास शिकविले, त्यांना उतारवयात तोच अभ्यास स्वतः करावा लागला.

हा ग्रंथ प्रश्नोत्तररूप आहे. निरनिराळ्या व्यक्ती शंका विचारतात आणि जोतीराव उत्तरे देतात. विश्वाच्या निर्मिकाने सर्व स्त्रीपुरुषांना सारखेच हक्क दिले आहेत, हा त्याचा गाभा. जातिभेद, अनुष्ठाने, श्राद्ध, स्वर्गाची लालूच, जन्मावरील ग्रहांची सत्ता यांचा त्यात एकेक करून समाचार घेतला आहे. सत्यवर्तन कोणास म्हणावे, हे सांगणारे तेहतीस नियम त्यात दिले आहेत. या ग्रंथाकडे लेखकाच्या त्या वेळच्या अवस्थेसह पाहिले म्हणजे त्याचे एक निराळे महत्त्व लक्षात येते. सामान्य समजुतीनुसार असा झटका म्हणजे ग्रहांची पीडा किंवा देवाचा कोप. त्यावर शांती करावी, नवस बोलावेत, जप बसवावेत, हा त्या काळचा प्रघात. जोतीरावांनी यांपैकी कशाचाही आश्रय घेतला नाही. निरोगी असताना या कल्पनांवर टीका करणे आणि अर्धे शरीर निकामी झाले असताना ती टीका तितक्याच निश्चयाने पुन्हा लिहिणे, यांत मोठे अंतर आहे.

तथापि जोतीरावांच्या अपंगत्वाचे वर्णन केवळ वैयक्तिक धैर्याची कथा म्हणून केले, तर ते अपुरे ठरेल. त्यांच्या आजारपणात चळवळ थांबली नाही, हे अधिक महत्त्वाचे आहे. ४ फेब्रुवारी १८८९ रोजी दत्तकपुत्र यशवंत याचा विवाह ग्यानोबा ससाणे यांच्या कन्येशी सत्यशोधक पद्धतीने पार पडला. भटजीवाचून, थोड्या खर्चात आणि वधूवरांच्या परस्पर प्रतिज्ञांनी लागलेले हे लग्न म्हणजे आजारी नेत्याने स्वतःच्या घरात घालून दिलेला धडाच होता. मुंबईत लोखंडे यांनी रविवारच्या सुट्टीचा प्रश्न सोडला नव्हता. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मी येथे सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनी भाषणे केली. मुलींच्या पहिल्या शाळेपासूनच्या बेचाळीस वर्षांत केवढा पल्ला गाठला गेला होता, हे त्या एका घटनेवरून समजते. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने साप्ताहिक सुट्टी मान्य केली. १८८४ च्या अर्जातील पहिली मागणी अशा रीतीने जोतीरावांच्या हयातीत पदरात पडली. त्याच वर्षी नेमलेल्या फॅक्टरी कमिशनच्या मुंबईतील कामकाजाशीही लोखंडे यांचा संबंध आला आणि १८९१ च्या कायद्याने स्त्रिया व मुले यांच्या कामाच्या तासांवर अधिक बंधने आली.

महालक्ष्मीच्या सभेच्या वेळी जोतीराव पुण्यात विकलांग अवस्थेत होते. त्यांच्यावाचून ती सभा यशस्वी झाली, यात त्यांचे नेतृत्व कमी झाले असे मानण्याचे कारण नाही. ज्याच्या गैरहजेरीत सर्व ठप्प होते, तो पुढारी लोकांना आपल्यावर अवलंबून ठेवतो. जोतीरावांनी आरंभापासून निराळी रीत ठेवली होती. शाळेत सावित्रीबाई, पत्रात भालेकर आणि लोखंडे, वैद्यकीय व नागरी क्षेत्रात डॉ. घोले, मुंबईत तेलुगू कंत्राटदार मंडळी, असे अनेक हात त्यांनी कामाला लावले होते. त्यामुळे एक हात निकामी झाला तेव्हा बाकीचे चालू राहिले.

हा विचार त्यांच्या मृत्युपत्रातही दिसतो. आजारापूर्वी एक वर्ष, जुलै १८८७ मध्ये, त्यांनी ते करून ठेवले होते. आपल्या मागे कोणताही ब्राह्मणी विधी होऊ नये आणि आपला देह मीठ घालून पुरावा, अशी त्यांची इच्छा होती. यशवंत पुढे लायक न निघाल्यास माळी, कुणबी, धनगर इत्यादी समाजांतील दुसरा लायक मुलगा निवडावा, अशीही तरतूद त्यात होती. दत्तक पुत्राचा वारसासुद्धा लायकीवर ठरावा, हे म्हणणारा पुरुष नेतृत्वाकडे कोणत्या दृष्टीने पाहत होता, ते निराळे सांगावयास नको.

२८ नोव्हेंबर १८९० रोजी पुण्यात जोतीरावांचे निधन झाले. घरामागे त्यांनी खड्डा खोदवून ठेवला होता, परंतु वस्तीत दफन करण्यास नगरपालिकेने परवानगी नाकारल्यामुळे दहन करावे लागले. दत्तक मुलाने अंत्ययात्रेत टिटवे धरण्यास भाऊबंदांनी हरकत घेतली, तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या आणि टिटवे हाती घेऊन अंत्ययात्रेच्या अग्रभागी चालू लागल्या. पुढे अस्थी घराच्या आवारात ठेवून समाधी बांधण्यात आली. ‘सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक’ यशवंताने १८९१ साली छापून प्रसिद्ध केले. सावित्रीबाईंनी समाजाचे काम पुढे चालविले आणि १८९३ च्या सासवड येथील सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षस्थान भूषविले. १८९७ च्या प्लेगने या परिवारावर घाला घातला. ९ फेब्रुवारीस मुंबईत लोखंडे गेले आणि १० मार्च रोजी रोग्यांची सेवा करता करता पुण्यात सावित्रीबाई गेल्या.

पाश्चात्त्य देशांतील श्रमिकांच्या चळवळींतही अशी उदाहरणे आढळतात. इंग्लंडचे फिलिप स्नोडेन १८९१ साली मणक्याच्या विकाराने अंथरुणाला खिळले, पुढे काठ्यांच्या आधाराने चालत त्यांनी समाजवादाचा प्रचार केला आणि १९२४ साली ते मजूर पक्षाचे पहिले अर्थमंत्री झाले. रोझा लुक्झेंबर्ग बालपणीच्या आजारामुळे जन्मभर लंगडत चालत. इटलीचे अंतोनियो ग्रामची यांच्या पाठीला बालपणीच कुबड आले आणि त्यांचे मोलाचे लेखन तुरुंगात झाले. या सर्वांच्या आधी, एका परतंत्र देशात आणि कोणत्याही पक्षाचे पाठबळ नसताना, जोतीरावांनी डाव्या हाताने ग्रंथ लिहिला होता.

कामावर जायबंदी झालेल्या कामगाराची मागणी मात्र लवकर फळास आली नाही. नुकसानभरपाईचा कायदा या देशात १९२३ साली झाला, म्हणजे सुपारीबागेच्या सभेनंतर एकोणचाळीस वर्षांनी. इंदूरसारख्या गिरण्यांच्या नगरीत या विलंबाचा अर्थ समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. दुसरे तुकोजीराव होळकर यांच्या काळात येथे संस्थानाची कापडगिरणी उभी राहिली आणि पुढे मालवा, हुकुमचंद, राजकुमार, कल्याणमल अशा गिरण्यांच्या भोंग्यांवर शहराचा दिवस सुरू होऊ लागला. ते भोंगे आता बंद झाले आहेत. १९९१ साली बंद पडलेल्या हुकुमचंद मिलच्या कामगारांना आपल्या हक्काच्या रकमेसाठी २०२३ सालापर्यंत वाट पाहावी लागली. तोपर्यंत त्यांतील कित्येक जण निवर्तले होते.

श्रम करणाऱ्याचे शरीर हेच त्याचे भांडवल असते आणि ते कोणत्याही दिवशी दगा देऊ शकते. म्हणूनच थकलेल्या, जखमी झालेल्या किंवा लुळ्या पडलेल्या माणसाचे स्थान समाजात कोणते, हा प्रश्न कामगार चळवळीच्या पहिल्याच अर्जात आला. सत्यशोधकांनी त्याचे उत्तर एकदा कागदावर मागणीच्या रूपाने दिले आणि चार वर्षांनी त्यांच्या नेत्यावरच तसा प्रसंग आला, तेव्हा त्याने आपल्या आचरणाने दिले. जोतीरावांच्या चरित्राचे अखेरचे प्रकरण वाचताना पहिल्या प्रकरणांइतकाच वेळ द्यावा, तो यासाठी.